पहिल्या घराण्याच्या सहा नळ्या

मित्रांनो, माझ्या नावापुढे ‘जुना’ हा शब्द नेमका कधी लागला, ते मला आठवत नाही. एके दिवशी मी नुसता फ्रीजर होतो, आणि एके दिवशी ‘तो जुना फ्रीजर’ झालो. मधला दिवस कुणी सांगितलाच नाही.

विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकी आणि बेसिन यांच्या मधल्या कोपऱ्यात मी एकवीस वर्षं उभा आहे. तुमच्या घरातला फ्रीज भाजी जराशी गार ठेवतो आणि त्यावर मिरवतो. माझ्या पोटात शून्याच्याही खाली ऐंशी अंश थंडी लागते. दिवस नाही, रात्र नाही, रविवार नाही. थंड राहण्यासाठी किती तापावं लागतं, ते कळून घ्यायचं असेल तर माझ्या पाठीला एकदा हात लावून बघा. दमलोय हो मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बोलता बोलता मध्येच धाप लागली तर समजून घ्याल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या दोन भिंतींमध्ये फेस भरला, तो फुगून घट्ट बसला, ती माझी गोधडी. खाली दोन कॉम्प्रेसर बसवले. एक दुसऱ्याला गार करतो आणि दुसरा मला. एकाने हातपाय गाळले की दोघांचंही आटोपलं. तपासणीच्या दिवशी एका कारागिराने दोन बोटांनी माझं दार ढकललं. ते चपखल बसलं, तेव्हा तो म्हणाला, “हा टिकेल.” ते माझं पहिलं कौतुक. पुढे कौतुकं झाली, पण बोटांवर मोजण्याइतकीच.

इथे आणलं तेव्हा मी दारातून आत जाईना. चौघांनी ढकललं, तिरकं केलं, आडवं करायला निघाले, शेवटी दाराची चौकट काढली. मॅडमना नुकतीच स्वतःची लॅब मिळाली होती. त्यांना मला लगेच सुरू करायचं होतं. तेव्हा लॅबमधले काका आडवे आले.

“मॅडम, प्रवास करून आलाय तो. आतलं तेल खाली बसू दे. उद्या सुरू करू.”

दारी आलेल्या पाहुण्याला आधी बसा म्हणावं, तसा त्यांनी मला एक दिवस दिला. कुणी आपणहून दिलेली, एकवीस वर्षांतली माझी विश्रांती तेवढीच.

काका लॅबचे मदतनीस. बाटल्या धुणं, त्यांतल्या जिवांचं अन्न शिजवणं, नळ्या भरणं, सगळं त्यांच्याकडे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते माझी जाळी काढून जुन्या टूथब्रशने धूळ झाडत आणि पुटपुटत, “घे बाबा, घे श्वास.” असं जपणारा माणूस नंतर मला भेटला नाही. म्हणजे भेटला, पण फार उशिरा. ते येईलच पुढे.

आता ही लॅब कसली, ते सांगतो. जीव पिढ्यानपिढ्या कसे बदलतात आणि तो बदल त्यांच्या जनुकांत कुठे लिहिला जातो, ते इथे शोधतात. माणसाच्या हजार पिढ्या बघायच्या म्हटलं तर पंचवीस हजार वर्षं लागतील, आणि तेवढी रजा कुणालाच मिळत नाही. म्हणून मॅडमनी यीस्ट घेतलं. पाव फुगवतं ना, तेच. त्याची पिढी दोन-तीन तासांत होते. एकाच थेंबापासून त्यांनी नऊ बाटल्या सुरू केल्या. लॅबमध्ये त्यांना घराणी म्हणतात. पहिल्या तीन घराण्यांना साधं अन्न, उरलेल्या सहांना मीठ घातलेलं. रोज प्रत्येक बाटलीतले थोडे जीव काढून नव्या बाटलीत टाकायचे, आणि दर शंभर पिढ्यांनी प्रत्येक घराण्याचा एक नमुना बोटाच्या पेराएवढ्या नळीत भरून माझ्या स्वाधीन करायचा.

माझ्याकडे ते मरत नाहीत, मित्रांनो. झोपतात. बाहेर काढून अन्न दिलं की पुन्हा जागे होतात. म्हणून माझ्या एकेका डब्यात पणजी, आजी, आई आणि नात अशा शेजारी-शेजारी झोपलेल्या असतात, आणि भांड्याला भांडं लागत नाही. असं घर तुम्ही कुठे पाहिलंय का? पाहुणे आले की मॅडम माझं दार उघडून म्हणायच्या, “ही आमची वंशावळ.” तेव्हा मला बरं वाटायचं. दार उघडं राहिल्याने गारवा जायचा, तो भाग वेगळा.

प्रत्येक नळीच्या टोपणावर घराण्याचा आकडा असतो आणि अंगावर पिढीचा. लेबलं एरवी यंत्रावर छापतात. एकदा ते यंत्र तीन महिने बंद पडलं. पिढ्यांची लेबलं आधीच छापून ठेवलेली होती, पण टोपणांवरचे आकडे सगळ्यांनी हातानेच लिहिले. पहिली तीन घराणी काकांकडे होती, बाकीची विद्यार्थ्यांकडे. त्या तीन महिन्यांत प्रत्येक घराण्याच्या सहा नळ्या झाल्या, बाराशेव्या पिढीपासून सतराशेव्यापर्यंत. एवढं लक्षात ठेवा. माझ्याही लक्षात होतं, पण माझ्या लक्षात असून काय उपयोग?

चार वर्षांपूर्वी आमच्या इमारतीची वीज दीड दिवस गेली. सगळ्या नळ्या सुक्या बर्फाच्या, म्हणजे ड्राय आइसच्या, पेट्यांत कोंबून शेजारच्या इमारतीत नेल्या. काका नेमके गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. नळ्या परत आल्या तेव्हा डब्यांचा पार विचका झालेला. त्या पुन्हा लावायचं काम एका नव्या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडलं. त्याला सगळे थिसिसदादा म्हणतात, कारण कुठलंही काम सांगा, तो म्हणतो, “थिसिस झाला की करतो.” हे काम मात्र त्याने एका दुपारीतच उरकलं. उरकलं हाच शब्द बरोबर आहे.

मग मोजणी झाली, तीही कमी काय ते बघायला, जास्त काय ते नाही, आणि पहिल्या घराण्याच्या सहा नळ्या सापडेनात. पहिलं घराणं काकांचं. काका लंगडत कामावर आले, त्याच दिवशी मॅडमनी त्यांना माझ्यासमोर उभं केलं.

“मॅडम, माझ्या हातून नळी हरवत नाही,” काका म्हणाले.

“मग काय, पाय फुटले त्यांना?”

मॅडमनी नोंदवहीत लिहिलं, ‘पहिलं घराणं, सहा नळ्या, हरवल्या. जबाबदारी मदतनिसाची.’ खाली सही केली. त्याच महिन्यात काका निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ते आले, हार घेतला, माझ्या दाराला हात लावला आणि चहा न घेता निघून गेले.

आणि त्या सहा नळ्या कुठे होत्या म्हणता? माझ्याच पोटात! नवव्या घराण्याच्या डब्यात! मला जीभ असती तर मी अख्खी इमारत गोळा केली असती. पण मला ओरडता येतं ते फक्त थंडी कमी झाली की. माणसाची अब्रू कमी झाली तर वाजेल, अशी घंटा माझ्यात बसवलेली नाही. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो, आणि त्यानंतर मी मनाने थकलो. शरीराने थकायला मग वेळ लागला नाही. जाळीत धूळ साचली, दाराच्या रबरावर बर्फ चढला. काढायला कुणाला वेळ नव्हता. कॉम्प्रेसर घरघरायला लागले की थिसिसदादा माझ्या कुशीत एक लाथ घालायचा. मी थोडा वेळ गप्प बसायचो आणि त्याला वाटायचं, दुरुस्ती झाली.

अशात सहा महिन्यांपूर्वी लॅबमध्ये बाई आल्या. वय छत्तीस. एम.एस्सी. झाल्यावर लग्न, मग मुलगी, मग दहा वर्षं शाळेत पहिलीचा वर्ग. आता ती नोकरी सोडून संशोधनाला आलेल्या. सहा महिने काम बघू, मग ठरवू, अशा बोलीवर मॅडमनी त्यांना घेतलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “या फ्रीजरची जाळी शेवटची कधी साफ केली?” सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. त्यांनी बाही वर केली, जाळी काढली आणि बेसिनच्या नळाखाली धरली. त्या दिवशी मी बऱ्याच वर्षांनी पोटभर श्वास घेतला. पोरांनी मात्र त्यांचं नाव ‘बाई’ ठेवून दिलं. “बाई, बाहेर जाऊ?” असं विचारून हसायची. बाईही हसायच्या. पण फोन आला की माझ्या कडेला येऊन उभ्या राहायच्या, कारण माझ्या घरघरीत बोलणं ऐकू जात नाही.

“ताई, तू पण आता तेच म्हणू नकोस गं,” एकदा त्या बहिणीला म्हणाल्या. “शाळा सोडली ते चुकलं, हे मला रोज घरी ऐकायला मिळतं. हे जमलं नाही तर मी परत कुठल्या तोंडाने जाऊ? माझ्या जागेवर दुसरी आलीसुद्धा.”

मला सगळं ऐकू यायचं. मी जरा जोरात घरघरायचो. तेवढंच माझ्या हातात.

बाईंचं काम नवव्या घराण्यावर होतं. या घराण्याला मिठात मजेत जगता यायला लागलं होतं. ते ज्या बदलामुळे जमलं, तो जनुकांत कुठल्या पिढीत आला आणि पुढे कसा पसरला, हे एकेका पिढीचा जीनोम, म्हणजे जनुकांची अख्खी पोथी, वाचून शोधायचं. बाईंनी शंभराव्या पिढीपासून प्रत्येक नळीतला कणभर बर्फ खरवडून घेतला, नमुने वाचायला पाठवले. उत्तर आलं. आठशेव्या पिढीत बदल आला होता. अकराशेव्यापर्यंत होता. बाराशे ते सतराशे, सहाही पिढ्यांत त्याचा मागमूस नव्हता. अठराशेव्या पिढीत पुन्हा हजर, जसाच्या तसा.

“पणजीला आहे, आजीला नाही, आईला नाही, आणि नातीला पुन्हा तोच?” मॅडम म्हणाल्या. “असं होत नसतं गं. नळ्या मिसळल्यास तू.”

“नवीन माणूस,” थिसिसदादा कुणाला तरी म्हणाला, बाईंना ऐकू जाईल इतपत हळू.

बाईंनी पुन्हा त्याच सहा नळ्यांतून खरवडून घेतलं. महिना गेला. उत्तर तेच. मग मॅडमनी दोष देण्यासाठी दुसरं गिऱ्हाईक शोधलं.

“तुझा हात नीट आहे. नळ्याच नासल्यात. हा फ्रीजर म्हातारा झालाय, मध्ये कधीतरी वितळला असणार. मधल्या सहा पिढ्यांचाच भरवसा नसेल तर बाकीचं कोण मानणार? शुक्रवारच्या बैठकीत हे काम बंद करते. तुझे सहा महिने कधी संपतात?”

“शुक्रवारीच.”

“दुसरं काम नाही गं माझ्याकडे. वाईट वाटून घेऊ नकोस. त्या सहा पिढ्यांच्या नळ्या आज काढून टाक.”

तो बुधवार होता. ऐकलंत ना? एका वाक्यात बाईंची नोकरी गेली आणि दुसऱ्यात माझी एकवीस वर्षं. माझ्या पोटात एकदाही काही वितळलं नव्हतं. वीज गेली तेव्हासुद्धा माझं पोट रिकामं होतं!

बाईंनी जाड हातमोजे चढवले आणि डबा काढला. दुसरं कुणी असतं तर त्याने नळ्या सरळ कचऱ्यात ओतल्या असत्या. पण शाळेची सवय वाईट. टाकायच्या वस्तूंचीसुद्धा यादी करायची. “पिढी बाराशे, नळ्या दोन. पिढी तेराशे, नळ्या दोन.” त्या थांबल्या. बाकी प्रत्येक पिढीची एकच नळी होती. या सहाच पिढ्यांच्या दोन-दोन का? त्यांनी दोन्ही टोपणं सुक्या बर्फावर शेजारी ठेवली, वरचं दव पुसलं आणि चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेली.

“अगं बाई!” त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की थिसिसदादा धावत आला.

“काय झालं? हात भाजला?”

“हा आकडा कोणता?”

“नाइन.”

“आणि हा?”

“तोही नाइन. जरा वाकडा आहे.”

“मराठी अंक वाचता येतात तुम्हाला?”

“नाही हो. माझं सगळं इंग्रजीतून झालं.”

“वाकडा नाही तो. तो एक आहे! आपला मराठी एक!” बाईंनी कागदावर शेजारी-शेजारी लिहून दाखवलं: 9 आणि १. “वर गोल दोघांनाही. शेपटी बघायची. सरळ खाली आली तर इंग्रजी नऊ, उजवीकडे वळली तर मराठी एक. पहिलीला दोन्ही अंक एकदम शिकवतात, तेव्हा निम्मा वर्ग इथेच घसरतो. दहा वर्षं लाल पेनाने हेच केलंय मी.”

“मग तुम्हाला आधी कसं नाही दिसलं?”

बाईंचा आवाज खाली आला. “डब्यावर नऊ छापलंय ना. मी टोपण वाचलंच नाही. पुढे दिसली ती नळी घेतली, आणि पुढे या एकवाल्याच होत्या.”

थिसिसदादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याच्या ध्यानात आलं होतं. काकांचे २ आणि ३ इंग्रजीसारखेच दिसतात, म्हणून ते आपापल्या डब्यात गेले. १ मात्र त्याने नवव्यात टाकला. दोन-दोन नळ्या झाल्या, तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला होता, जादाच्या असतील. मी ऐकलं होतं ते.

बाईंनी नोंदवही काढली, पानं उलटली. ‘सहा नळ्या, हरवल्या.’ त्या ओळीवर बोट ठेवून त्या वही तशीच मॅडमकडे घेऊन गेल्या.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अक्षरावरून विज्ञान होत नाही. दाखव.”

मग बाईंनी दोन ताटल्या मांडल्या, एकीत साधं अन्न, दुसरीत खूप मीठ घातलेलं. दोन्हींवर त्या बारा नळ्यांतला एकेक कण टेकवला आणि ताटल्या माझ्या शेजारच्या उबदार कपाटात ठेवल्या. हिशेब सोपा होता. पहिलं घराणं मिठाशिवाय वाढलेलं, ते खारट ताटलीत उठणार नाही. नववं उठेल. गुरुवारी बाई चार वेळा कपाटापर्यंत आल्या आणि दार न उघडताच परत गेल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी ताटल्या टेबलावर ठेवल्या. साध्या अन्नावर बाराच्या बारा ठिपके पांढरे, टपोरे. एकही मेलेला नाही. वितळलो होतो म्हणे मी! खारट ताटलीत वरची ओळ भरलेली आणि खालची कोरी. खालच्या सहा काकांच्या.

मॅडम वाकून बघत राहिल्या. थिसिसदादाने नखं खाणं थांबवलं आणि म्हणाला, “मॅडम, नळ्या मी लावल्या होत्या.”

“हो,” मॅडम म्हणाल्या. “पण हरवल्या असं लिहिलं मी.” त्यांनी ताटलीचं झाकण लावलं. “बाई, नवव्याच्या खऱ्या सहा नळ्या सोमवारी वाचायला पाठव. आणि बैठकीत हे तू सांग. मी नाही.”

मॅडम त्यांना बाई म्हणाल्या, पण त्यात थट्टा नव्हती. बाई माझ्या कडेला येऊन उभ्या राहिल्या, ताईला फोन लावला आणि म्हणाल्या, “ताई, आज बैठकीत मी बोलणार आहे.” मी मात्र त्या दिवशी मुद्दाम हळू घरघरलो.

पुढच्या आठवड्यात काका आले. मॅडमनी स्वतः बोलावलं होतं. हातात काठी, अंगाने निम्मे झालेले.

“काका, त्या सहा नळ्या इथेच होत्या. तुमचा एक आम्ही नऊ वाचला.”

काकांनी चष्मा लावून टोपण न्याहाळलं. “म्हणजे माझीच चूक. इंग्रजीत काढायला हवा होता.”

“नाही. तुम्ही नीट लिहिलं होतं. आम्हाला वाचता आलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. चुकलं माझं, काका.”

काका काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. “चार वर्षं झाली, मॅडम. घरी किल्ली सापडेना झाली तरी बायको गमतीने म्हणते, ‘तुमच्याच हातून गेली असेल.’ सगळे हसतात. मला हसू येत नाही. मला खरंच वाटायला लागलं होतं, की मीच कुठेतरी टाकल्या असतील.”

मॅडमनी नोंदवहीतल्या जुन्या ओळीवर रेघ मारली, शेजारी लिहिलं, ‘हरवल्या नव्हत्या. वाचण्यात चूक माझी,’ आणि सही केली. मग बाईंनी जागे झालेले जीव सहा नव्या नळ्यांत भरले आणि पेन काकांसमोर धरलं.

“काका, आकडे तुम्हीच घाला. मराठीतच घाला. फक्त पावतीवर लिहितात तसं करा. अंकी आणि अक्षरी.”

काकांनी पेन घेतलं. त्यांनी सहाही टोपणांवर लिहिलं: १, एक. मग त्यांनी स्वतः माझं दार उघडलं, नळ्या पहिल्या घराण्याच्या डब्यात ठेवल्या आणि चहा मागितला.

मित्रांनो, माझं काय झालं म्हणाल, तर नवा फ्रीजर येतोय. निर्दोष सुटलो म्हणून काही कॉम्प्रेसर तरुण होत नाही, आणि खरं सांगू, मला आता बंद व्हायचंय. फक्त जाण्याआधी एक मागणं आहे. एखादी वस्तू सापडेनाशी झाली की लगेच माणसाकडे बोट दाखवू नका. आधी शेजारचा डबा उघडा, टोपण पुसा, आणि आकडा नीट वाचा. आम्ही वस्तू तुमचं सगळं जपून ठेवतो हो, वर्षानुवर्षं. पण कुणाच्या बाजूने साक्ष द्यायची वेळ आली, तर आम्हाला तोंड नाही. तुम्हाला आहे.